डॉ. वसंत रामजी खानोलकर : शरीराच्या अस्तराचा अभ्यासक

मी इतिहासाचा शिक्षक. परंतु निवासी शाळेत बदली तास कोणत्याही विषयाचा वाट्याला येतो, आणि तशाच एका तासाला नववीच्या वर्गात अभिस्तर ऊतींचा पाठ मला शिकवावा लागला. सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, स्तंभीय, घनाभरूप, रोमक, ग्रंथिल ही नावे मुलांनी पाठ केली होती. त्यांचे पुढे काय करायचे, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही. त्या शोधात मला जो माणूस भेटला, त्याचे हे अल्पचरित्र आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा. म्हणजे आपण ज्या दिवशी जयंतीचे निळे झेंडे बांधतो, त्याच्या आदल्या दिवसाचा. बाबासाहेबांहून ते चार वर्षांनी लहान. ते गोमंतक मराठा समाजातील. देवाच्या सेवेच्या नावाखाली ज्या समाजातील स्त्रियांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना आली, त्या समाजाने विसाव्या शतकात शिक्षण व कलेच्या बळावर जी उंची गाठली, तिचा इतिहास आपल्या वाचकांनी अवश्य अभ्यासावा. खानोलकरांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी 1923 साली संपादन केली. त्याच विद्यापीठाने त्याच वर्षी बाबासाहेबांना डी.एस्सी. प्रदान केली. एक रुपयाच्या प्रश्नाचा अभ्यास करीत होता, दुसरा रोगट पेशींचा. इतिहासाच्या शिक्षकाला असे योगायोग उगाच सुखावतात, एवढेच.

मुंबईस परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. हे दुसरे महाविद्यालय 1926 साली सुरू झाले, तेच मुळी अध्यापकवर्ग भारतीयांचा असावा या देणगीदारांच्या अटीवर. विकृतिशास्त्रज्ञ रुग्णाला औषध देत नाही. शरीरातून काढलेला तुकडा अतिशय पातळ कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि हा कोणता रोग आहे, तो कोठून सुरू झाला व किती खोल गेला आहे हे सांगणे, हे त्याचे काम. ते बिनचूक झाले तरच शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात योग्य जागी पडतो.

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा खानोलकरांकडे आली. येथेच नववीच्या त्या पाठाचा अर्थ उलगडतो. अभिस्तर म्हणजे शरीराचे अस्तर. त्वचा, तोंड, अन्ननलिका येथे पेशींचे थरावर थर असतात, कारण तेथे घासणे, खरचटणे नित्याचे. वरचा थर झिजतो आणि खालून नवा येतो. फुफ्फुसाच्या वायुकोशांत मात्र एकच अतिपातळ थर, कारण तेथून वायूची देवघेव व्हायची असते. आतड्यात उभट पेशी अन्नरस शोषतात, मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाकार पेशी उपयुक्त द्रव्ये परत घेतात, श्वासनलिकेतील पेशींचे रोम धूळ बाहेर लोटतात. या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या पटलातून पाझरून येणाऱ्या पोषणावर ते जगते. सतत नव्या पेशी घडवणारे आणि बाहेरच्या जगाला पहिला धक्का देणारे-घेणारे हेच अस्तर, म्हणून प्रौढ माणसाचे बहुतेक कर्करोग येथेच उगवतात. रोग तळपटलाच्या वर आहे तोवर तो एका जागी असतो. पटल फोडून खाली उतरला की रक्तात व लसिकेत वाट काढतो. या दोन अवस्थांमधील अंतर म्हणजे पुष्कळदा जीवन-मरणातील अंतर होय.

खानोलकरांच्या लक्षात आले की रोगाची जागा माणसाच्या सवयीनुसार बदलते. सहकारी सूर्याबाई यांच्यासह 1945 साली त्यांनी भारतातील तीन नव्या प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. कमरेवर धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्याच पट्ट्यात त्वचा काळवंडते, जाड होते आणि कधी तेथेच कर्करोग होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात, तेथे तो टाळूला होतो. बिहारकडे तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या खोबणीत ठेवतात, तेथे नेमका त्या खोबणीत. जेथे घासणी, जेथे चटका, जेथे चुना, तेथेच अस्तर बिघडते. दैव, पूर्वजन्मीचे कर्म, कोणाची नजर यांना या मांडणीत जागाच उरली नाही. पुढे 1955 मध्ये एल. डी. संघवी व के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध रुग्ण व इतर लोक यांची तुलना करून आकड्यांनी मांडला, तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडात डॉल व हिल यांनी सिगारेट व फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत तसेच काम केले, त्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. आपल्या माता-भगिनी मिश्रीने दात घासतात, उसाच्या फडात पुरुषांच्या गालात तंबाखूची गोळी असते. पालक मेळाव्यात मी हे बोलतो तेव्हा पुष्कळजण हसून खाली पाहतात. गालात न दुखणारा पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही दिसले तर मात्र हसून भागत नाही. डॉक्टरांना तोंड दाखवावे.

1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले व खानोलकर त्याचे संचालक झाले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि स्तनाच्या कर्करोगावर नाव मिळवले. कुष्ठरोगातही त्यांचे काम मोठे आहे. आरंभीच्या चट्ट्यांतच जंतू त्वचेच्या चेतातंतूंत शिरलेले असतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. ज्या रोग्याला गावकुसाबाहेर घालवले जाई, त्याच्या शरीरात प्रत्यक्ष काय घडते हे शांतपणे पाहणारा माणूस मला विशेष जवळचा वाटतो. 1960 ते 1963 या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, पद्मभूषण, अणुकिरणांच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर भारताचे प्रतिनिधित्व, हे मानही त्यांना लाभले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संस्थेतील एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव आहे.

त्यांच्या पश्चात नऊ वर्षांनी, 1987 साली, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या साहाय्याने ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांत गावोगाव फिरतात, लोकांशी बोलून लक्षणे असलेली माणसे शोधतात आणि त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात आणतात.