अ‍ॅडमिरल रिकोव्हर आणि माझी सही

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी बोलते ती घरी, आजीशी आणि भाजीवाल्याशी. लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे बघून हसतात. त्यामुळे मॅडमनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ इंग्लिश सेक्शनकडे पळणार होते. पण जे सांगायचंय ते इंग्लिशमध्ये लिहिताना फारच गुळगुळीत व्हायला लागलं. म्हणून मराठी. शुद्धलेखन रूम पार्टनरने तपासलंय, चुका सापडल्या तर शिव्या तिला.

तर झालं असं. सेमिनारचे टॉपिक रोल नंबरप्रमाणे वाटले आणि माझ्या वाट्याला आलं, अणुवीज केंद्राच्या बांधकामातली गुणवत्ता तपासणी. वर्गात कुणाला रोबोटिक्स, कुणाला फॉर्म्युला वन, आणि मला तपासणी! नेहमीप्रमाणे आदल्या रात्री उरकून टाकू असं ठरवलं होतं. पण लायब्ररीत शोधताना एक माणूस भेटला आणि आख्खी पीएल त्याच्यातच गेली. त्याचं नाव हायमन जॉर्ज रिकोव्हर.

हा जन्मला १९०० साली, पोलंडमधल्या माकूव्ह नावाच्या छोट्या गावात. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. घर ज्यू, वडील शिंपी. हायमन लहान असतानाच हे कुटुंब अमेरिकेला गेलं, आधी न्यूयॉर्कला आणि मग शिकागोला. शाळेत असताना तो तारा पोचवायचं काम करायचा. पुढे एका काँग्रेस सदस्याच्या शिफारशीने त्याला अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत जागा मिळाली आणि १९२२ मध्ये तो तिथून बाहेर पडला. मग कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स केली आणि काही वर्षं जुन्या पाणबुड्यांवर काढली. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या जहाजबांधणी खात्यात इलेक्ट्रिकल विभागाचा प्रमुख होता. म्हणजे बघा, वय चाळिशीच्या पुढे गेलं तरी या माणसाचं नाव बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

१९४६ मध्ये त्याला टेनेसीतल्या ओक रिज इथे अणुविज्ञान शिकायला पाठवलं. तिथे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की अणुशक्तीवर पाणबुडी चालू शकते. डिझेलच्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी हवा लागते, अणुभट्टीला हवा लागतच नाही. कल्पना सोपी वाटते, पण १९४६ मध्ये वीज देणारी एकही अणुभट्टी जगात नव्हती. याला ती पाणबुडीच्या पोटात मावेल एवढी करायची होती. १९४९ पासून नौदलाच्या अणुभट्ट्यांचा सगळा कारभार त्याच्या हातात आला.

त्याने आयडाहोच्या वाळवंटात आधी एक नमुना भट्टी बांधली. इंजिनिअर लोकांची सवय अशी की नमुना म्हणजे सगळी यंत्रं मोकळ्या जागेत पसरून मांडायची, हात घालायला बरं पडतं. रिकोव्हरने ते होऊ दिलं नाही. पाणबुडीच्या सांगाड्याचा खराखुरा तुकडा उभा केला आणि सगळं त्याच अडचणीत बसवायला लावलं. जी अडचण उद्या समुद्रात येणार ती आज जमिनीवरच आलेली बरी. ही भट्टी मार्च १९५३ मध्ये सुरू झाली. जानेवारी १९५४ मध्ये नॉटिलस पाण्यात उतरली.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहितेय तो येतो. सप्टेंबर १९५४. नॉटिलस धक्क्यालाच बांधलेली, वाफेच्या चाचण्या चालू होत्या. एक बारीकसा वाफेचा पाइप फुटला. फार मोठं नुकसान झालं नाही. आपण असतो तर काय केलं असतं? पाइप बदलला असता आणि पुढे गेलो असतो. पण तपासात निघालं की डिझाइनमध्ये सांगितलेला बिनजोडाचा, म्हणजे सीमलेस पाइप तिथे नव्हताच. जहाजाच्या कठड्याला वापरतात तसला साधा पाइप बसवला गेला होता. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात! मग असे अजून किती पाइप चुकीचे बसलेत? कागदावरून ते सांगता येत नव्हतं. कागदावर सगळं बरोबर होतं. रिकोव्हरने शंका असलेले त्या जातीचे सगळे पाइप उपटून नवे टाकायला लावले. जगातली पहिली अणुपाणबुडी, अख्ख्या देशाचं लक्ष, वेळापत्रक डोक्यावर, आणि हा माणूस पाइप उपटतोय. १७ जानेवारी १९५५ ला नॉटिलस अणुशक्तीवर समुद्रात निघाली. तो स्वतः बोटीवर होता. पुढेही प्रत्येक नव्या अणुपाणबुडीच्या पहिल्या चाचणीला स्वतः आत बसायचं, हा त्याचा नेम होता. आपण पास केलेल्या वेल्डिंगच्या भरवशावर आपणच पाण्याखाली जायचं!

आता वीज केंद्राकडे वळू, कारण सेमिनार त्यावर होता. पेनसिल्व्हेनियात ओहायो नदीच्या काठी शिपिंगपोर्ट नावाचं ठिकाण आहे. फक्त वीज निर्मितीसाठी बांधलेलं अमेरिकेचं पहिलं मोठं अणुवीज केंद्र तिथलं, आणि तेही रिकोव्हरच्याच देखरेखीखाली उभं राहिलं. सप्टेंबर १९५४ मध्ये कुदळ पडली, २ डिसेंबर १९५७ ला भट्टी सुरू झाली आणि त्याच महिन्यात ६० मेगावॉट वीज मिळायला लागली. सव्वातीन वर्षांत! या प्रकारच्या भट्टीत पाणी उकळू नये म्हणून त्यावर वातावरणाच्या १३० पटीहून जास्त दाब ठेवतात. एवढ्या दाबाखाली प्रत्येक जोड, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक वेल्ड म्हणजे परीक्षाच. केंद्र चालवायचं काम वीज कंपनीकडे होतं, पण रिकोव्हरचा एक प्रतिनिधी कायम तिथे असायचा. धोका वाटला तर भट्टी बंद करायला लावायचा अधिकार त्याला होता. बंदरांत, कारखान्यांत, सगळीकडे असे त्याचे प्रतिनिधी बसलेले असायचे आणि ते मधल्या साहेबांना वगळून थेट त्यालाच पत्र लिहायचे. शिवाय ऑफिसात टाइप झालेल्या प्रत्येक पत्राची एक गुलाबी कॉपी त्याच्या टेबलावर जायची. कच्चा मसुदासुद्धा! आमच्या एचओडी सरांना ही आयडिया कुणी सांगू नका.

मला सगळ्यात आश्चर्य कशाचं वाटलं सांगू? त्याला त्रास अणूने दिलाच नाही फारसा. न्यूट्रॉन, युरेनियम, झिर्कोनियम, हे सगळं नवीन म्हणून लोक तिथे जीव ओतून काम करायचे. त्रास दिला तो जुन्या, रोजच्या गोष्टींनी. पाइप, व्हॉल्व्ह, ओतीव भाग, वेल्ड. वर्षानुवर्षं करतोय, आम्हाला काय शिकवता, असं म्हणणारे कारखाने. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला धातुतज्ज्ञांसमोर त्याने नेमका हाच पाढा वाचला होता. चुकीच्या धातूचे भाग, नीट न पाहिलेले वेल्डचे एक्स-रे, पाळलेच नाहीत असे ठरलेले नियम. ज्या गोष्टी आपल्याला येतात असं वाटतं, त्या कुणी तपासतच नाही.

पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १९६३ ला, थ्रेशर ही पाणबुडी अटलांटिकमध्ये खोल बुडाली. १२९ माणसं गेली, एकही वाचला नाही. चौकशीत सगळ्यात दाट शक्यता निघाली ती पाण्याच्या पाइपच्या जोडातून पाणी आत शिरल्याची. हे जोड चांदीच्या मिश्रधातूने ब्रेझिंग केलेले होते. आणि इथे एक आकडा आहे जो मी विसरू शकत नाही. बुडण्याआधीच्या दुरुस्तीत यातले १४५ जोड अल्ट्रासॉनिकने तपासले होते. सुमारे १४ टक्के कमी प्रतीचे निघाले. म्हणजे साधारण वीस. मग उरलेल्या हजारो जोडांचं काय? वेळ जाईल म्हणून ते तपासलेच नाहीत. बोट पुन्हा पाण्यात गेली. अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना रिकोव्हरने जहाजबांधणीच्या या ढिलाईवर कडक टीका केली. त्यानंतर नौदलाने पाणबुड्यांसाठी सबसेफ नावाची तपासणीची पद्धत आणली. कुठला भाग कुठून आला, कुणी बसवला, कुणी तपासला, सगळ्याचा पुरावा ठेवायचा.

रिकोव्हर देवमाणूस होता असं मात्र समजू नका. बोलायला तिखट, हाताखालच्यांना रडवणारा, वरिष्ठांना न जुमानणारा. मुलाखतीला येणाऱ्याला पुढचे पाय कापून आखूड केलेल्या खुर्चीत बसवायचा, म्हणजे तो घसरत राहील. जिमी कार्टर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तरुणपणी त्याच्यासमोर मुलाखतीला बसले होते. अकादमीत आपला नंबर चांगला होता असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. त्यावर रिकोव्हरने एवढंच विचारलं की तू जमेल तेवढं सगळं केलं होतंस का. कार्टरना प्रामाणिकपणे नाही म्हणावं लागलं. मग का नाही केलंस, असं विचारून तो गप्प बसला. या स्वभावामुळे नौदलाने त्याला दोनदा बढती नाकारली आणि शेवटी काँग्रेसच्या दबावामुळे १९५३ मध्ये तो अ‍ॅडमिरलच्या पदाला पोचला. १९८२ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्याला मनाविरुद्ध निवृत्त केलं. सेवा ६३ वर्षं! त्यानंतर उघड झालं की पाणबुड्या बांधणाऱ्या एका कंपनीकडून त्याने वर्षानुवर्षं सुमारे ६७ हजार डॉलरच्या भेटी घेतल्या होत्या. १९८५ मध्ये त्याला लेखी ठपका मिळाला. भेटींमुळे माझ्या निर्णयात फरक पडला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते वाचून वाईट वाटलं. इतरांच्या सह्या तपासणाऱ्याची स्वतःची वही पण तपासायला हवी होती. ८ जुलै १९८६ ला तो गेला.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. कारवारजवळ कैगा इथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू असताना मे १९९४ मध्ये आतल्या घुमटाच्या खालच्या बाजूचं काँक्रीट सुटून कोसळलं. भट्टीत इंधन नव्हतं म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. डिझाइन बदलून घुमट पुन्हा बांधला आणि ते युनिट २००० मध्ये सुरू झालं. सहा वर्षं गेली, पण डाग लपवून वरून प्लास्टर मारलं नाही.

आता माझं. मागच्या सुट्टीत मी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ट्रेनिंगला होते. एका टाकीला १४ नॉझल होते आणि त्यांच्या वेल्डची डाय पेनिट्रंट टेस्ट मला दिली होती. आधी वेल्ड साफ करायचा, लाल रंग मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मी सहा नॉझल केले. सहाही ओके. बाहेर ऊन, शेवटची बस पाचची, आणि एकाच वेल्डरने केलंय म्हटल्यावर उरलेले तसेच असणार. मी चौदाही ओळींत ओके लिहिलं आणि खाली सही केली. कुणी काही विचारलं नाही. सर्टिफिकेटवर ‘एक्सलंट’ मिळालं.

थ्रेशरचा १४५ आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. चार दिवस टाळाटाळ केली. मग तिथल्या साहेबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते आधी भयंकर चिडले, मग बराच वेळ गप्प झाले. टाकी अजून यार्डातच होती. सुट्टीच्या दिवशी मी गेले आणि उरलेले आठ नॉझल त्यांच्यासमोर तपासले.

आठही ओके निघाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण बसमध्ये येताना कळलं की त्या कागदावर मी आधी जे लिहिलं होतं ते खोटंच होतं, वेल्ड चांगला निघाला तरी. सही म्हणजे वेल्ड चांगला आहे असं सांगणं नसतं. मी पाहिलं आहे, एवढंच ती सांगते. आणि मी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी जुना कागद फाडला नाही. त्यावर तिरकी रेघ मारली, तारीख टाकली आणि नव्या कागदाच्या मागे लावून ठेवला. माझी खोटी सही त्या फाइलमध्ये आहे, आणि राहील.

बाकी सेमिनार बरा झाला. पंचवीसपैकी एकोणीस. आणि हो, या सेमिस्टरला माझ्या जर्नलमधली रीडिंग कुणी मागायला येऊ नका. आली तेवढीच लिहिली आहेत, आणि ग्राफ सरळ येत नाहीये.