लक्ष्मणराव किर्लोस्कर व कुणब्याची शंका

देशी कारखानदारीचा विषय निघाला म्हणजे आमच्याकडील चर्चा बहुधा भांडवल, जकात व सरकारी सवलती यांपासून सुरू होते व तेथेंच संपते. यंत्र ज्याच्या हातीं पडावयाचें, त्याला तें कसें वाटतें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा सारा धंदा या प्रश्नावर उभा राहिला. म्हणून त्यांचें चरित्र वाचकांपुढें पुन्हां ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकावी म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु रंगांतील भेद आपल्या दृष्टीस नीट कळत नाहींत असें आढळून आल्यामुळें तो मार्ग खुंटला. मग ते यंत्रांच्या रेखाचित्रणाकडे वळले व पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. बढतीची वेळ आली तेव्हां त्यांना डावलून ती जागा एका अँग्लोइंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं राजीनामा देऊन बेळगांवची वाट धरली. असा अन्याय गिळून पेन्शनीची वाट पाहणारे पदवीधर आम्हांस वकिलीच्या धंद्यांत नित्य भेटतात. लक्ष्मणरावांजवळ तर पदवीही नव्हती.

बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें. पुढें कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि त्यामागून हातीं घेतला तो लोखंडी नांगर.

या नांगरापाशीं जरा थांबलें पाहिजे. आपला लाकडी नांगर जमिनीस चीर पाडतो, पण माती उलथून टाकीत नाहीं; त्यामुळें हरळी व कुंदा यांच्या मुळ्या खालीं शाबूत राहतात. लोखंडी नांगराचा वांकडा पंख मातीची खाप उचलून पालथी करितो व तण मुळासकट उन्हांत पडतें. विलायती नांगर हें काम करीत. परंतु त्यांचा फाळ झिजला म्हणजे दुसरा समुद्रापलीकडून यावयाचा. फाळ मऊ ओतला तर लवकर झिजतो, फार कठीण ओतला तर दगडास लागून तुटतो, आणि तो बेताचा साधणें हीच ओतकामाची खरी परीक्षा. हें सर्व करून नांगर तयार झाला, तर घेणारा कोणी मिळेना! लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं.

येथें आमचा सुशिक्षित वर्ग कुणब्याच्या अज्ञानावर एक व्याख्यान झोडून मोकळा झाला असता. आम्हांस तें मान्य नाहीं. विषाची समजूत खोटी होती खरी, पण तिच्यामागील भीति खोटी नव्हती. प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर जातो, कुणब्याचें वर्ष जातें. लक्ष्मणरावांच्या माणसांनीं व्याख्यानें न देतां शेतांत उतरून नांगर चालवून दाखविला.

इतक्यांत शहराच्या वाढीसाठीं बेळगांवच्या नगरपालिकेनें त्यांना जागा सोडावयास लाविलें. त्या वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग व सापांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. तेथें अस्पृश्यता पाळावयाची नाहीं असा दंडक होता, आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचें काम सोंपविलेलें होतें. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या व त्यांचे नांगर ओतले गेले. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. उंसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचीं यंत्रें, पाण्याचे पंप हीं सर्व पुढें आलीं. अमेरिकेंत यंत्रविद्या शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांनीं व्याप वाढविला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव निवर्तले.

नांगराच्या गोष्टीची आठवण आज पंपामुळें होते. ज्या भागांत शेतीची वीज रात्रींची येते, तेथें शेतकरी पंपास आपोआप चालू होणारी कळ बसवितो. तिला सर्वत्र ऑटो म्हणतात. वीज परत आली कीं शिवारांतील सर्व पंप एकाच क्षणीं सुरू होतात. सुरू होतांना मोटार नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. भार अकस्मात् चढतो व रोहित्र जळतें. मग सर्वांचेंच पीक वाळतें. ऑटो काढा व कपॅसिटर बसवा, असें आवाहन महावितरण करीत आली आहे, व तें शास्त्राला धरून आहे. परंतु अपरात्रीं काळोखांत, सापाविंचवांतून विहिरीवर जाण्याचें टळावें म्हणून ज्यानें ती कळ बसविली, त्यास नुसता दोष देऊन भागणार नाहीं. दिवसा वीज देतां येत असेल तेथें ती द्यावी. जेथें अद्याप देतां येत नाहीं, तेथें प्रत्येक पंप थोड्या थोड्या अंतरानें सुरू होईल अशी विलंबाची योजना त्या कळींतच असावी. कपॅसिटर पंपाबरोबरच बसवून द्यावा, आणि या दोहोंवांचून कळ विकतां येणार नाहीं असा नियम विक्रेत्यांवर घालावा.