सातूच्या ओंबीतला शोध

१९२७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील नॅशव्हिल येथे भरलेल्या विज्ञान परिषदेत मिसुरी विद्यापीठातील एका तरुण संशोधकाने सातूच्या रोपांविषयीचा अहवाल सादर केला. क्ष-किरणांनी वनस्पतींची आनुवंशिक घडण बदलता येते, हे त्याने सप्रमाण दाखवले होते. परंतु फळमाश्यांवरील तशाच प्रयोगांचे निष्कर्ष हर्मन मुलर यांनी जुलैतच प्रसिद्ध केले होते आणि त्याच परिषदेत त्यांचा गौरवही झाला. माशीची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, सातूला मात्र सारा हंगाम लागतो. पुढे १९४६ चे नोबेल पारितोषिक मुलर यांना मिळाले. सातूवाल्या संशोधकाचे, लुईस जॉन स्टॅडलर यांचे नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही.

स्टॅडलर यांचा जन्म ६ जुलै १८९६ रोजी सेंट लुईस येथे झाला. कृषिशास्त्राची पदवी त्यांनी फ्लॉरिडात घेतली, १९२२ मध्ये मिसुरीतून डॉक्टरेट मिळवली आणि पुढचे सारे आयुष्य तेथेच काढले.

सातूची निवड विचारपूर्वक होती. सातूच्या बीजांकुरात पुढे येणाऱ्या फुटव्यांच्या पेशी आधीच वेगवेगळ्या झालेल्या असतात. किरणांचा आघात एका पेशीवर झाला, तर त्याचा परिणाम तिच्यापासून येणाऱ्या फुटव्यापुरताच राहतो. म्हणून स्टॅडलर यांनी प्रत्येक ओंबीचे दाणे निराळे ठेवले आणि निराळे पेरले. एखाद्या ओंबीच्या दाण्यांतून सुमारे चतुर्थांश रोपे पांढरीफटक उगवत, तर त्याच झाडाच्या शेजारच्या ओंबीची रोपे हिरवीगार असत. हरितद्रव्य नसलेली ती रोपे काही दिवसांत मरून जात, पण बदल किरणांमुळेच झाला याची साक्ष तीच देत. कोरड्या बियांपेक्षा भिजवून मोड आलेल्या बिया किरणांना कितीतरी अधिक संवेदनशील असतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

क्ष-किरणांनी हवे तसे पीक घडवता येईल, अशी आशा त्या काळी अनेकांना वाटू लागली होती. शोधाचा एक जनकच मात्र तिला लगाम घालत होता. मक्याच्या दाण्यांचा रंग ठरवणाऱ्या जनुकांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून स्टॅडलर अशा मताला आले की, क्ष-किरण बहुतेकदा नवे जनुक घडवत नाहीत, असलेले मोडतात किंवा गुणसूत्राचा तुकडाच नाहीसा करतात. स्वतःच्याच शोधाचे मोल असे कठोरपणे तपासणारा शास्त्रज्ञ विरळाच.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९३६ मध्ये मिसुरीत आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. किरणांनी तुटलेल्या मक्याच्या गुणसूत्रांवर त्यांनी तेथे मोलाचे काम केले. १९४२ मध्ये स्टॅडलर आणि फ्रेड ऊबर यांनी मक्याच्या परागकणांवर अतिनील किरण सोडून पाहिले. न्यूक्लिक आम्ल ज्या तरंगलांबीचे किरण सर्वाधिक शोषते, त्याच किरणांनी उत्परिवर्तने सर्वाधिक घडतात असे त्यांना आढळले. आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे, असे दाखवणारे एव्हरी यांचे संशोधन त्यानंतर दोन वर्षांनी आले. हा धागा तेव्हा फारसा कोणी उचलला नाही, याची हळहळ वाटते.

१२ मे १९५४ रोजी स्टॅडलर यांचे निधन झाले. जनुक या संकल्पनेची चिकित्सा करणारा त्यांचा अखेरचा लेख त्याच वर्षी, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

उपयुक्ततेविषयीची त्यांची शंका मात्र निम्मीच खरी ठरली. मोडलेले जनुकही शेतकऱ्याच्या कामी येऊ शकते, हे स्वीडनमधील ऑके गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातूच्याच आखूड, ताठ काडीच्या वाणांतून दाखवले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ठेवलेल्या नोंदीत अशा उत्परिवर्ती वाणांची संख्या तीन हजारांवर गेली असून, त्यांत धान्यांबरोबर लेट्यूससारखी पालेभाजीही आहे. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून टपोऱ्या दाण्यांचा टीजी-१ हा वाण तयार झाला. तो १९७३ मध्ये प्रसारित करण्यात आला.