सर्पगंधाची मुळी आणि मुंबईचे डॉ. रुस्तम वकील
हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आपल्या हुकमावर चालत नाहीत. ते काम स्वायत्त मज्जासंस्थेचं. तिचा जोर वाढला की रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. १९४० च्या दशकात यावर डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं.

१९११ साली जन्मलेले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वैद्यांच्या ओळखीची सर्पगंधाची मुळी ५० रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आल्या आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. ते मज्जातंतूंमधला नॉरअ‍ॅड्रेनालिनचा साठा रिकामा करतं, म्हणून दाब उतरतो.

१९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये ते गेले. नैराश्यासारख्या दुष्परिणामांमुळे रेसरपिन मागे पडलं. पण रक्तदाब रोजच्या गोळीने आवरता येतो, हा भरवसा रुजवण्यात या मुळीचा वाटा मोठा.