कुर्बान हुसेन आणि आरोपीचा हक्क

12 जानेवारी हा दिवस सोलापूर शहर आपल्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पाळते. 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. चौघांत वयाने सर्वांत लहान कुर्बान हुसेन. त्यांचे हौतात्म्य सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यावरील खटल्याने उभा केलेला प्रश्न मात्र सहसा चर्चिला जात नाही.

कुर्बान हुसेन यांचा जन्म 1910 चा. सोलापूर त्या काळी गिरण्यांचे गाव होते आणि हा तरुण गिरणी कामगारांत मिसळून काम करीत असे. विशीतच त्यांनी ‘गझनफर’, म्हणजे सिंह, या नावाचे पत्र चालविले. कामगारांची संघटना आणि हिंदु-मुसलमानांची एकी ही त्यांच्या कार्याची दोन सूत्रे होती.

मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर खवळले. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली आणि दोन पोलीस प्राणास मुकले. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला; तो 30 जूनपर्यंत चालला. साधे निशाण बाळगणेही त्या दिवसांत गुन्हा ठरले. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांवर खटला झाला.

हा खटला लष्करी न्यायालयात नव्हे, तर सत्र न्यायालयात चालला. उच्च न्यायालयात अपीलही झाले. म्हणजे कायद्याचा सांगाडा शाबूत होता. पण जमावाने केलेल्या कृत्यात कोणाचा हात होता, हे ठरते साक्षीवरून. ज्या दिवसांत तपास व्हावयाचा, तेच दिवस लष्करी अमलाचे. साक्षीदार आरोपीच्या बाजूने निर्भयपणे पुढे येईल, अशी हवा तेव्हा शहरात कोठून असणार? शिवाय आरोपी पुढारीपण करणारे, म्हणून सरकारच्या डोळ्यांवर आलेले. न्यायाची पायरी चढण्यापूर्वीच तराजूचे एक पारडे जड झालेले असते ते असे. ज्यांच्या अटकेने शहर पेटले, ते गांधीजी फाशीच्या त्या पहाटे त्याच येरवड्यात बंदिवान होते.

स्वतंत्र भारताच्या घटनेने या अनुभवातून धडा घेतला. अटकेचे कारण कळण्याचा, पसंतीचा वकील घेण्याचा आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क अनुच्छेद 22 ने दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद 20 ने काढली. 1975 ते 1977 च्या आणीबाणीनंतर, 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 20 व 21 मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरविले. तरीही लष्करी अमलातील कृत्यांना संसदेने संरक्षण देण्याची वाट अनुच्छेद 34 ने मोकळी ठेवली आहे, हे विसरता येत नाही.

आरोपीचा हक्क म्हणजे गुन्हेगारावरील दया नव्हे. खरा गुन्हेगार सापडावा आणि निरपराध्यास फास लागू नये, एवढीच ती तजवीज. शांततेच्या दिवसांत तिची गरज भासत नाही. तिची कसोटी लागते ती समाज संतापलेला असताना. कुर्बान हुसेन यांना ती खऱ्या अर्थाने लाभली का, हा प्रश्न त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.