फजल मंझिलचे खाँसाहेब

प्रोफेसर इनायतखाँ म्हटले की सूफी उपदेशक आठवतात. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो, म्हणून मला त्यांच्यातला कुटुंबवत्सल गृहस्थ अधिक जवळचा वाटतो. १८८२ साली बडोद्यात जन्मलेले खाँसाहेब आजोबा मौलाबक्षांच्या घरी वाढले. तिथे गाणे आणि मुलेबाळे एकाच छताखाली नांदत.

१९१३ साली त्यांनी लंडनमध्ये ओरा बेकर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. नूर, विलायत, हिदायत आणि खैरुन्निसा ही त्यांची मुले. १९२२ साली एका डच शिष्येने पॅरिसजवळ सुरेन येथे घर दिले, तेच ‘फजल मंझिल’. भाऊही तिथेच राहत. दर उन्हाळ्यात देशोदेशीचे स्नेही जमत आणि त्या मेळ्यात मुले वाढत. बडोद्याचेच वळण ते!

१९२६ साली खाँसाहेब हिंदुस्थानास आले ते परतलेच नाहीत. ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आई शोकाने खचली, तेव्हा तेरा वर्षांच्या नूरने धाकट्या भावंडांना सांभाळले. मोठेपणी तिने मुलांसाठी जातककथा लिहिल्या. पुढे महायुद्धात ब्रिटनसाठी गुप्त कामगिरी करताना ती पकडली गेली आणि १९४४ साली डाखाउच्या छळछावणीत नाझींनी तिला ठार केले.

शिष्यशाखा मोठी खरीच. पण बापाची खरी तालीम मला त्या तेरा वर्षांच्या पोरीत दिसते.