फ्रँक व्हिटल

सर फ्रँक व्हिटल (१ जून, १९०७ - ऑगस्ट, १९९६) हे ब्रिटिश अभियंते, वैमानिक आणि जेट इंजिनाचे एक जनक होते. रॉयल एअर फोर्समध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झालेल्या व्हिटल यांनी गॅस टर्बाइनच्या झोतावर विमान चालवण्याची कल्पना वयाच्या बाविसाव्या वर्षी मांडली.

== बालपण ==
व्हिटल यांचा जन्म इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे एका कारागिराच्या घरी झाला. पुढे त्यांच्या वडिलांनी लेमिंग्टन स्पा येथे झडपा व पिस्टन रिंगा बनवणारा लहानसा कारखाना घेतला. काही लेथ आणि एक सिलिंडरचे गॅस इंजिन एवढीच त्याची सामग्री होती. शाळकरी फ्रँक त्या इंजिनाची देखभाल शिकले. टर्बाइनविषयीचे पहिले वाचन त्यांनी गावातील ग्रंथालयात केले.

== शिकाऊ उमेदवारी ==
जानेवारी १९२३ मध्ये ते हवाई दलाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु उंची जेमतेम ५ फूट आणि छाती अरुंद, म्हणून हॉल्टन येथील वैद्यकीय तपासणीत नापास ठरले. तेथील एका व्यायामशिक्षकाने आखून दिलेला व्यायाम व आहार त्यांनी नेटाने पाळला आणि उंचीत ३ इंचांची भर घातली. तरीही दुसरा अर्ज नियमावर बोट ठेवून फेटाळला गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी नाव बदलून अर्ज केल्याचे सांगितले जाते. अखेर सप्टेंबर १९२३ मध्ये क्रॅनवेल येथे त्यांचे तीन वर्षांचे प्रशिक्षण सुरू झाले.

विमानांची जुळणी व दुरुस्ती हा तेथील मुख्य अभ्यास होता. लष्करी शिस्त व्हिटल यांना जाचत असे. पळून जाण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. मात्र विमान-प्रतिकृती मंडळात त्यांचे मन रमले. त्यांच्या हातच्या प्रतिकृती आणि गणितातील गती पाहून वरिष्ठांनी १९२६ मध्ये त्यांची शिफारस अधिकारी-प्रशिक्षणासाठी केली. ही संधी फारच थोड्या उमेदवारांना मिळे. ती हुकली असती, तर ते बहुधा कुशल तंत्रज्ञ म्हणूनच निवृत्त झाले असते.

== जेट इंजिन ==
गॅस टर्बाइनमध्ये हवा दाबून तिच्यात इंधन जाळतात. तप्त वायू टर्बाइन फिरवतात आणि टर्बाइन पुन्हा हवा दाबणारा संपीडक चालवते. उरण येथील वायू विद्युत केंद्रात या फिरण्यापासून वीज मिळते. व्हिटल यांनी उरलेल्या वायूचा झोत विमान पुढे ढकलण्यासाठी योजला. हवाई मंत्रालयाच्या वतीने ए. ए. ग्रिफिथ यांनी आकडेमोडीतील चूक दाखवून योजना अव्यवहार्य ठरवली. चूक खरी होती. मूळ विचार मात्र अचूक होता. व्हिटल यांनी जानेवारी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे ५ पौंड त्यांच्यापाशी नव्हते आणि मंत्रालयाने ते भरले नाहीत, म्हणून पेटंट रद्द झाले.

केंब्रिजमध्ये शिकत असतानाच, १९३६ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह पॉवर जेट्स ही कंपनी काढली. १२ एप्रिल, १९३७ रोजी रग्बी येथे त्यांचे इंजिन प्रथम सुरू झाले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावरील विमान १९३९ मध्येच उडाले होते. व्हिटल यांचे इंजिन बसवलेले ग्लॉस्टर ई.२८/३९ हे विमान १५ मे, १९४१ रोजी क्रॅनवेलहून उडाले व १७ मिनिटे हवेत राहिले.

== उत्तरायुष्य ==
१९४४ मध्ये सरकारने पॉवर जेट्स ताब्यात घेतली. हा आघात व्हिटल यांच्या जिव्हारी लागला. १९४८ मध्ये ते एअर कमोडोर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब व १ लाख पौंड देण्यात आले. १९७६ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले. १९९१ चे ड्रेपर पारितोषिक त्यांना व ओहाइन यांना एकत्र मिळाले.